ह्यू ब्रिज होम असिस्टंटला जोडताना: बटण दाबण्याआधी आणि नंतर

घरात दोन-चार स्मार्ट वस्तू आल्या की मोबाइलवर ॲपं साठायला लागतात. दिव्यांचं एक, एसीचं दुसरं, कॅमेऱ्याचं तिसरं. एकाला दुसऱ्याची खबर नसते. दारावरचा सेन्सर एका कंपनीचा आणि पॅसेजमधला दिवा दुसऱ्या कंपनीचा असला, तर दार उघडताच दिवा लागावा एवढी साधी गोष्टही जमत नाही. होम असिस्टंट या सॉफ्टवेअरचं काम इथे सुरू होतं. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर नाही, तर तुमच्याच घरातल्या एका छोट्या संगणकावर चालतं. पॉलस स्खाउट्सन या डच प्रोग्रॅमरने ते २०१३ मध्ये सुरू केलं तेव्हा त्याची गरज अगदी लहान होती: सूर्य मावळला की घरातले फिलिप्स ह्यूचे दिवे आपोआप लागावेत.

या लेखात तीच जोडी घेतली आहे, फिलिप्स ह्यूचा ब्रिज (दिव्यांना हुकूम पोचवणारा डबा, म्हणजेच हब) आणि होम असिस्टंट. नवशिक्यांना मी हाच हब सुचवतो, कारण त्याचं सगळं बोलणं घरातल्या घरात होतं. ब्रॉडबँड बंद पडलं तरी दिवे ऐकतात. प्रत्यक्ष जोडणी म्हणजे एक बटण दाबणं, त्याला मिनिटसुद्धा लागत नाही. वेळ जातो तो आधीच्या तयारीत आणि नंतर कोणतं काम कोणाकडे ठेवायचं हे ठरवण्यात, म्हणून लेखाचा बराच भाग त्यावरच आहे.

काय काय लागेल

ब्रिज चौकोनी हवा. २०१२ मध्ये ह्यू बाजारात आलं तेव्हाचा ब्रिज गोल होता. २०१५ मध्ये चौकोनी आला आणि गोल ब्रिजला कंपनीने २०२० मध्ये पाठिंबा देणं थांबवलं. जुन्या बाजारात गोल ब्रिज स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. चौकोनी पांढऱ्या ब्रिजला वाय-फाय नसतं, तो केबलनेच राउटरला जोडावा लागतो. एका ब्रिजवर साधारण ५० दिवे चालतात, एखाद्या फ्लॅटला हे भरपूर झालं. दिवे विकत घेताना खालचा भाग पाहा: आपल्याकडच्या जुन्या पिनच्या होल्डरला बी२२ लागतो, आट्यांच्या होल्डरला ई२७.

होम असिस्टंटसाठी रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा छोटा संगणक घ्या, पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हटलं आहे. घरात जुना मिनी पीसी पडून असेल तर तोही चालतो, किंबहुना जास्त टिकतो. पाय घेतलात तर त्याचा अडॅप्टर त्याच्याच शिफारशीचा घ्या. मोबाइलच्या चार्जरवर पाय चालू होतो, पण ऐन वेळी व्होल्टेज कमी पडून अडखळतो आणि मग माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. मेमरी कार्ड ३२ जीबीचं आणि चांगल्या दर्जाचं हवं. शिवाय राउटरला दोन मोकळे लॅन पोर्ट हवेत, एक ब्रिजला आणि एक पायला. पोर्ट कमी पडत असतील तर पाच पोर्टचा साधा नेटवर्क स्विच लावा.

होम असिस्टंट चालू करणं

रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत होम ऑटोमेशनच्या गटात होम असिस्टंट सापडेल. आपल्या पायचं मॉडेल निवडा, कार्डावर लिहून घ्या, कार्ड पायमध्ये घाला, लॅनची केबल लावा आणि वीज द्या. पहिल्यांदा सुरू होताना ते स्वतःची उरलेली फाइल्स इंटरनेटवरून उतरवतं, त्याला वीसेक मिनिटं लागू शकतात. मध्येच बंद करू नका. मग त्याच नेटवर्कवरच्या ब्राउझरमध्ये होमअसिस्टंट डॉट लोकल हा पत्ता इंग्रजी लहान अक्षरांत, जागा न सोडता टाका आणि त्यापुढे कोलन देऊन ८१२३ हा पोर्ट लिहा.

खातं तयार करताना घराचं ठिकाण नकाशावर विचारलं जातं. हे कंटाळून सोडून देऊ नका. सूर्योदय आणि सूर्यास्ताचा हिशेब याच ठिकाणावरून होतो. खूण दुसऱ्याच देशात राहिली तर तुमच्या हॉलमधले दिवे तिथल्या संध्याकाळी लागतील.

हब आधी त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये नीट बसवा

नवीन माणूस घाईने थेट होम असिस्टंटकडे वळतो. तसं करू नका. ब्रिज राउटरला जोडा, ह्यूचं ॲप उघडा, दिवे त्यात घ्या, अपडेट आलं असेल तर होऊ द्या आणि खोल्या तयार करा. होम असिस्टंट जोडलं म्हणून ब्रिज निवृत्त होत नाही. दिव्यांशी झिग्बी या रेडिओवरून बोलण्याचं काम त्याच्याकडेच राहतं, होम असिस्टंट फक्त ब्रिजला सांगतं. त्यामुळे ब्रिजमध्ये जे विस्कटलेलं असेल ते तसंच्या तसं पुढे येतं.

नावांबद्दल एक खास मराठी अडचण आहे. होम असिस्टंट प्रत्येक दिव्याच्या नावावरून त्याचा एक आयडी बनवतं आणि हा आयडी रोमन अक्षरांतच असतो. देवनागरी नाव दिलं तर त्याचं जे काही रोमन रूप तयार होतं ते बऱ्याचदा वाचवत नाही, आणि पुढे नियम लिहिताना डोकं दुखतं. म्हणून ह्यूच्या ॲपमध्ये हॉल, किचन, गॅलरी, देवघर ही नावं साध्या रोमन अक्षरांत द्या. जोडणी झाल्यावर होम असिस्टंटमध्ये दिसणारं नाव खुशाल देवनागरीत बदला, आयडी आहे तसाच राहतो. घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर पडदा उघडला की ‘देवघर’ वाचता आलं पाहिजे, हा त्यातला खरा फायदा.

ब्रिज राउटरला अगदी चिकटवून ठेवू नका, हातभर तरी अंतर असू द्या. झिग्बी आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि एकमेकांवर ओरडतात. दिवे उशिरा ऐकत असतील तर ह्यूच्या ॲपमध्ये झिग्बीचा चॅनल बदलण्याची सोय आहे, ती वापरून पाहा.

एकच नेटवर्क, एकच पत्ता

जोडणी न होण्याचं सगळ्यांत मोठं कारण आपल्याकडे हे असतं: घरात दोन राउटर असतात. फायबरवाल्याने बसवलेला एक डबा, आणि त्याची रेंज पुरत नाही म्हणून आपण विकत आणलेला दुसरा. ब्रिज एकाला जोडलेला आणि पाय दुसऱ्याला. मोबाइलवर दोन्हीकडून इंटरनेट चालतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण या दोन राउटरांनी घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार केलेली असतात आणि होम असिस्टंटला पलीकडचा ब्रिज दिसत नाही. ओळखायला सोपं आहे. दोन्ही उपकरणांचे आयपी पत्ते, म्हणजे राउटरने प्रत्येकाला दिलेले चार आकडे, पाहा. चारपैकी पहिले तीन आकडे सारखे असले तर नेटवर्क एक. वेगळे असले तर दोन्ही केबल एकाच राउटरला लावा, किंवा दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचीच रेंज वाढवतो. गेस्ट वाय-फायचाही असाच त्रास होतो, त्यावरची उपकरणं एकमेकांना मुद्दामच दिसू दिली जात नाहीत.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्रिज आणि पाय या दोघांचे पत्ते कायमचे राखून ठेवा. हा पर्याय बहुतेक राउटरांत डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन या नावाने असतो. वीज जाऊन आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो, आणि ब्रिजचा पत्ता बदलला तर काल चालणारी व्यवस्था आज रुसलेली दिसू शकते. भारनियमनाच्या भागात राहत असाल तर ही पायरी टाळू नका.

आता बटण

होम असिस्टंटमध्ये सेटिंग्ज, त्यात डिव्हायसेस अँड सर्व्हिसेस. नेटवर्क नीट असेल तर फिलिप्स ह्यूचं कार्ड ‘डिस्कव्हर्ड’ असं लिहून आधीच आलेलं असेल. त्यावरचं बटण दाबा. कार्ड नसेल तर ॲड इंटिग्रेशन दाबून फिलिप्स ह्यू शोधा. पडद्यावर सूचना येईल की ब्रिजवरचं बटण दाबा. उठा, ब्रिजच्या मधोमध असलेलं मोठं गोल बटण एकदा दाबा आणि परत येऊन सबमिट करा. ब्रिज त्यानंतर साधारण ३० सेकंदच दार उघडं ठेवतो. तो वरच्या मजल्यावर असेल तर पडद्यासमोर एक माणूस बसवा.

हे बटण म्हणजे पासवर्डच आहे. जो माणूस ब्रिजला हात लावू शकतो तो घरातला, असं गृहीत धरून ब्रिज होम असिस्टंटला एक गुप्त किल्ली देतो. ती जपून ठेवली जाते, त्यामुळे पुन्हा बटण दाबावं लागत नाही.

ब्रिज सापडलाच नाही तर हाताने पत्ता देण्याचा पर्याय निवडा आणि राउटरमध्ये राखून ठेवलेला ब्रिजचा आयपी टाका. तरीही जमलं नाही तर ब्रिजवरचे छोटे दिवे पाहा. नेटवर्कचा दिवा लागत नसेल तर दोष केबलचा किंवा पोर्टचा आहे, सॉफ्टवेअरला बोल लावू नका.

जोडणी झाली की सगळे दिवे, सेन्सर, रिमोट आणि ह्यूमध्ये तयार केलेले सीन (आधीच ठरवून ठेवलेली प्रकाशाची मांडणी) एकदम येतात. प्रत्येक उपकरण कोणत्या खोलीत आहे हे विचारलं जाईल तेव्हा सांगून टाका. एका खोलीत चार दिवे असतील तर त्या खोलीची मिळून एक एंटिटीही, म्हणजे होम असिस्टंटच्या यादीतली एक नोंद, असते. नियम लिहिताना तीच वापरा. चार दिव्यांना वेगवेगळे हुकूम दिले तर ते पुढे-मागे, एकेक करून लागतात. खोलीला एक हुकूम दिला की ब्रिज तो सगळ्यांना एकदम पोचवतो. ती एंटिटी दिसत नसेल तर ब्रिजच्या एंटिटींच्या यादीत ती बंद अवस्थेत आहे का ते पाहून चालू करा.

सगळं दिसायला लागल्यावर एक छोटी परीक्षा घ्या. ह्यूच्या ॲपमधून हॉलचा दिवा लावा आणि होम असिस्टंटच्या पडद्याकडे पाहा. तिथली स्थिती लगेच बदलली पाहिजे. चौकोनी ब्रिज झालेला बदल स्वतःहून कळवतो, होम असिस्टंटला दर काही सेकंदांनी विचारत बसावं लागत नाही.

पहिला नियम: दिवेलागण

सेटिंग्जमध्ये ऑटोमेशन्स अँड सीन्स, तिथे नवा ऑटोमेशन. रचना तीन भागांची असते: केव्हा, कोणत्या अटीवर आणि काय करायचं. ‘केव्हा’मध्ये सूर्य निवडा, सनसेट घ्या आणि ऑफसेटमध्ये उणे १५ मिनिटं टाका, म्हणजे सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी. ‘काय’मध्ये हॉलच्या खोलीची एंटिटी किंवा ह्यूमधला आवडता सीन द्या. अट सुरुवातीला रिकामी सोडली तरी चालेल.

साडेसहा असं पक्कं घड्याळ का लावायचं नाही? कारण मुंबईत जूनच्या शेवटी सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमारास. घड्याळ लावलं तर वर्षातून अनेकदा ते हलवावं लागेल. पण सूर्यास्तही पुरता विश्वासाचा नाही, निदान आपल्या पावसाळ्यात. जुलैमध्ये आभाळ भरून आलं की पाच वाजताच घरात काळोख होतो आणि सॉफ्टवेअरच्या हिशेबी अजून लख्ख दिवस असतो. ह्यूचा मोशन सेन्सर असेल तर त्यातच उजेड मोजण्याची सोय असते. हालचाल जाणवली आणि उजेड ठरावीक आकड्याच्या खाली असला तरच दिवा लाव, असा दुसरा नियम पॅसेजसाठी करा. तो आकडा किती हे मी सांगून उपयोग नाही. चार दिवस तुमच्याच सेन्सरचा आलेख पाहा आणि तुम्ही हाताने दिवा लावता तेव्हा तिथे किती असतो ते बघून ठरवा. ‘रिकामी सोडा’ म्हटलेला अटींचा रकाना इथे उपयोगी येतो.

राज्य कोणाचं

आता दोन ठिकाणी नियम करता येतात, ह्यूच्या ॲपमध्ये आणि होम असिस्टंटमध्ये. दोन्हीकडे केले तर रात्री अकराला एक नियम दिवा विझवतो आणि दुसरा नियम तोच दिवा लावतो. माझी विभागणी अशी: ज्याच्यावाचून घर अडेल ते ब्रिजमध्ये ठेवायचं, बाकी सगळं होम असिस्टंटमध्ये. ह्यूच्या रिमोटने दिवा लावणं-विझवणं हे ब्रिजकडेच राहू द्या. पाय बंद पडला, अपडेटला बसला, कार्ड खराब झालं, तरी आईला स्वयंपाकघरातला दिवा लावता आला पाहिजे. वेळापत्रक, सूर्यास्त, दुसऱ्या कंपनीच्या वस्तूंशी मेळ, घरी कोणी नसताना काय करायचं, हे सगळं होम असिस्टंटचं. ह्यूच्या ॲपमधली वेळापत्रकं मात्र एकेक करून काढून टाका. रिमोटचं एखादं बटण होम असिस्टंटकडे द्यायचं असेल तर ह्यूच्या ॲपमध्ये त्या बटणाला काही काम राहिलेलं नाही याची खात्री करा, नाहीतर एका दाबात दोन कामं होतील.

खरा मालक मात्र भिंतीवरचं बटण. आजोबा झोपायला जाताना सवयीने सगळी बटणं बंद करतात आणि त्यांचं काही चुकत नाही, आयुष्यभर वीज अशीच वाचवली आहे. पण बल्बची वीजच तोडली की होम असिस्टंटमध्ये तो ‘अनअव्हेलेबल’ होतो आणि कोणताही नियम त्याला जागा करू शकत नाही. शिवाय झिग्बीत प्रत्येक बल्ब शेजारच्या बल्बचा निरोप पुढे पोचवत असतो. हॉलमधल्या बल्बची वीज तोडली की कधीकधी पलीकडच्या गॅलरीतलाही ऐकेनासा होतो, जाड भिंतींच्या जुन्या घरांत तर जास्तच. उपाय समजावण्याचा नाही, सोयीचा आहे: भिंतीवर त्या बटणाशेजारीच, त्याच उंचीवर ह्यूचा रिमोट चिकटवा. हात जिथे जातो तिथेच काम झालं तर सवय आपोआप बदलते. ज्या खोलीत ती बदलणारच नाही तिथे स्मार्ट बल्ब लावण्याचा हट्ट सोडा.

लाइट गेली आणि आली

ह्यूचा बल्ब वीज परत आली की पूर्ण उजेडात लागतो, कारखान्यातून तसाच येतो. रात्री तीनला वीज आली की बेडरूमसकट सगळं घर लखलखतं. यासाठी ह्यूच्या ॲपमध्ये प्रत्येक दिव्याला पॉवर-ऑन बिहेवियर अशी सेटिंग आहे. तिथे आधीची स्थिती परत आणणारा पर्याय निवडला की विझलेला दिवा विझलेलाच राहतो. पण याला दुसरी बाजू आहे. असा दिवा ॲपमधून किंवा नियमाने विझवलेला असेल तर भिंतीचं बटण खाली-वर करूनही तो लागत नाही, आणि पाहुण्यांना वाटतं बल्ब गेला. म्हणून मी बेडरूमला हा पर्याय ठेवतो आणि बाथरूम, पॅसेज, जिना यांना मूळचाच राहू देतो. तिथे कोणालाही, कधीही, बटणाने दिवा लावता आला पाहिजे.

राउटर, ब्रिज आणि पाय हे तिघं इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचा खटका असेल तर तो त्यावर ठेवा, म्हणजे वीज जाताना पाय रिस्टार्ट होत नाही. राउटरसाठी मिळणारे १२ व्होल्टचे छोटे यूपीएस पायला चालत नाहीत, त्याला ५ व्होल्ट आणि बऱ्यापैकी करंट लागतो. वारंवार वीज तुटली की मेमरी कार्डवर लिहिणं अर्धवट राहतं आणि एक दिवस पाय सुरूच होत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, बॅकअप्स इथे रोजचा बॅकअप लावून ठेवा आणि तो कार्डावरच न ठेवता दुसऱ्या संगणकावर किंवा क्लाउडवर जाऊ द्या. त्याच्या एन्क्रिप्शनची, म्हणजे बॅकअपला लावलेल्या कुलपाची, किल्लीही उतरवून घ्या. किल्ली नसेल तर बॅकअप असून नसल्यासारखा. बॅकअप नव्या कार्डावर घेतला की ब्रिजची किल्लीही त्यातच येते, पुन्हा बटण दाबायला जावं लागत नाही.

बाहेरून, म्हणजे ऑफिसातून किंवा गावाहून दिवे पाहायचे असतील तर राउटरमध्ये ८१२३ पोर्ट उघडा टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो घेऊ नका. होम असिस्टंट बनवणाऱ्यांचीच नाबू कासा या कंपनीची सशुल्क क्लाउड सेवा आहे. पैसे द्यायचे नसतील तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात शिरण्याची खासगी, सुरक्षित वाट.

तुमच्याकडे ह्यू नसेल तर

आपल्या बाजारातल्या अनेक स्वस्त वाय-फाय बल्बांमागे आणि प्लगांमागे तुया ही यंत्रणा असते. डब्यावर नाव वेगळं असलं तरी ती उपकरणं बहुधा स्मार्ट लाइफ या ॲपवर चालतात. तीही होम असिस्टंटला जोडता येतात: तुयाचं इंटिग्रेशन निवडायचं, ॲपमधला यूजर कोड टाकायचा आणि येणारा क्यूआर कोड त्याच ॲपने स्कॅन करायचा. जोडणी ह्यूपेक्षाही सोपी वाटेल. फरक इतकाच की इथे प्रत्येक हुकूम इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन परत येतो. फायबर तुटलं की तुमच्या नियमांचा दिव्याशी संबंध संपतो. म्हणून अशी उपकरणं गीझर आणि शोभेच्या माळांपुरती ठीक, जिन्यातल्या दिव्याला नकोत. गीझरसाठीही प्लग १६ अँपिअरचाच घ्या, ६ अँपिअरच्या प्लगवर गीझर लावणं धोक्याचं आहे.